धानाच्या काडीची पिपाणी

गाजराच्या पुंगीची म्हण आपण थट्टेनें वापरतों. वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली! परंतु मुलांच्या हातची पुंगी इतकी उपेक्षणीय नाहीं. मोठमोठ्या सुषिर वाद्यांचा पहिला धडा तिच्यांत आहे.

गोंदिया जिल्हा धानाचा. साहित्य बांधावरच आहे. हिरवी, पोकळ काडी अशी कापावी, कीं एका टोकास पेराची गांठ राहून तें बंद असेल व दुसरें उघडें. गांठीच्या खालीं पात्यानें तिरपा छेद देऊन इंचभर पातळ जीभ सोडवावी. तिचें एक टोक काडीला जोडलेलें असावें. जीभ संपूर्ण तोंडांत घेऊन, ओठ तिच्या पलीकडे मिटून फुंकावें. हवेच्या दाबानें जीभ मिटते, लवचिकपणानें उघडते; या कंपनांतून स्वर उमटतो. काडी आंखूड केली कीं स्वर चढतो. पिंपळाच्या पानाची सुरळी करून तिचें टोक चपटें केलें, तर दोन पातीं परस्परांवर कांपतात. सनईच्या पत्तीचें तत्त्वहि हेंच.

आतां मोठ्या वाद्यांकडे वळूं. गारुड्याच्या पुंगींत आणि वारली लोकांच्या तारप्यांत अशाच जिभेच्या नळ्या भोपळ्यांत बसविलेल्या असतात. गढवाल-कुमाऊंच्या मशकबीनींत भोपळ्याच्या जागीं पिशवी येते. तेथें वादकाचे ओठ जिभेला लागतच नाहींत. सारें काम हवेच्या दाबाचें. काडी फुंकतांना मुलाचें तोंड हीच पिशवी होते. दाब फार झाला तर जीभ मिटून बसते, कमी पडला तर ती बोलतच नाहीं. गालांत हवा सांठवून ती सोडीत असतांना नाकानें श्वास घ्यावयाचा, ही तारपावादकाची युक्ति मुलास येथेंच साधतां येते.

जत्रेंतील प्लॅस्टिकची पिपाणी कशीहि फुंकली तरी वाजते. म्हणून ती कांहीं शिकवीत नाहीं. ज्यानें स्वतः जीभ तासली, तोच पुढें बिघडलेली पत्ती ओळखील. वादकांची ही पहिली शाळा बंद पडूं नये.

एक सावधगिरी मात्र हवी. कण्हेर व रुई या विषारी वनस्पति तोंडांत घालूं देऊं नयेत. औषध फवारलेल्या शेतांतील काडीहि वर्ज्य समजावी. पातें चालवितांना वडीलधाऱ्यांनीं जवळ बसावें. पहिल्या दहा काड्या मुक्या राहिल्या, तरी मुलास अकरावी कापूं द्यावी.