साष्टीची फिर्याद

सायंकाळची बोरिवली गाडी. अंधेरीला थोडी माणसे उतरतात, तेवढीच चढतात. पाय टेकायला जागा मिळाली तर त्या दिवसाचे भाग्य थोर समजायचे! गोरेगाव जाते, मालाड येते. फलाटावर भाजीची पिशवी सांभाळत उतरणाऱ्या आमच्या उपनगरवासी बांधवाला जर कोणी सांगितले, की ‘बाबा रे, ज्या गावात तू बिऱ्हाड केले आहेस त्या गावच्या एका माणसाने एका बलाढ्य राज्याची मुळे हलवली,’ तर तो बिचारा हसेल आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहील.

पण गोष्ट खरी आहे. आणि दिवाळीच्या फराळाबरोबर सावकाश ऐकण्यासारखी आहे.

वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत आणि वेसाव्यापासून ठाण्यापर्यंतचा हा सारा मुलूख म्हणजे साष्टी बेट. सहासष्ट गावांचे म्हणून षट्षष्टी, आणि त्याचे साष्टी, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सगळे त्यातच आले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर हे बेट पोर्तुगिजांना लिहून दिले. मोगलांच्या भयाने एका सुलतानाने कागदावर मोहोर उमटवली आणि येथल्या कोळ्या-कुणब्यांचा, भंडाऱ्यांचा, देसायांचा धनी बदलला. त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतच नव्हती!

पुढची दोनशेहून अधिक वर्षे हा अंमल चालला. गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना आणि पाद्र्यांच्या मठांना इनाम मिळाली. कसणारा कसत राहिला, खंड दुसऱ्याच्या कोठारात जात राहिला. हे दुःख एकट्या साष्टीचे नव्हते. त्या काळी कोणत्या राज्यात रयत सुखी होती? पण येथे त्यावर आणखी एक भार होता. बोरिवलीजवळचे मंडपेश्वराचे लेणे आजही जाऊन पाहावे. शिवाच्या या लेण्याचे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च केले, वर मठाची इमारत चढवली. तिचे भग्न अवशेष माथ्यावर अजून उभे आहेत. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय बसले आणि त्याचा हात उत्तरेकडे साष्टीपर्यंत पोहोचला. उघड पूजाअर्चा हा गुन्हा ठरला. बाप मेलेल्या लहान मुलांना पाद्र्यांच्या हवाली करण्याचे हुकूम पोर्तुगीज मुलखात निघाले होते. शेताचा खंड माणूस एक वेळ सोसतो. पण आपण डोळे मिटल्यावर आपले पोर कोणाच्या घरी वाढेल, ही धास्ती घेऊन त्याने कसे निजावे?

मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे हे या भागातले वजनदार देसाई. त्यांनी बंदी मोडून घरचे धर्मकृत्य केले म्हणून वतन जप्त झाले, त्यांना पकडून गोव्याकडे नेले आणि तेथून निसटून त्यांनी पुणे गाठले, असे परंपरा सांगते. खाडीपलीकडे अंजूर गावी गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ हीच खटपट करीत होते. या मंडळींनी काय केले? तलवार उपसली नाही. ती उपसून निभाव लागणार नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी पुणे दरबारचे उंबरठे झिजवले. वर्षामागून वर्षे गेली. कधी पेशवे माळव्यात गुंतलेले, कधी जंजिऱ्याच्या सिद्दीशी. फिर्यादी मात्र चिवट. मुलखाची खडान्‌खडा माहिती त्यांनी पुण्यास पोहोचवली: कोठे उतार आहे, कोणत्या चौकीवर किती माणसे आहेत, खाडीला ओहोटी केव्हा लागते.

शेवटची काडी पोर्तुगिजांनी स्वतःच टाकली. ठाण्याला त्यांनी किल्ला बांधावयास घेतला, आणि त्याचा पैसा व वेठ रयतेच्याच माथी मारली. आपल्याच बेडीचे लोखंड आपणच विकत आणायचे! किल्ला पुरा झाला तर पुन्हा संधी नाही, हे ओळखून निरोप गेले. १७३७ च्या वसंतात, थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीशी धडक देत होते त्याच सुमारास, इकडे चिमाजी अप्पांच्या मराठी फौजा स्थानिक वाटाड्यांच्या मागून रात्री खाडी ओलांडून आल्या. अर्धवट बांधलेले ठाणे पडले आणि साष्टी मोकळी झाली. वसईने मात्र दोन वर्षे झुंजवले. १७३९ च्या फेब्रुवारीत अखेरचा वेढा पडला, सुरुंग उडाले, मराठ्यांची हजारो माणसे कामास आली. मे महिन्यात पोर्तुगीज सन्मानाने बाहेर पडले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहात देण्यात आली. हे विसरून चालणार नाही. कारण ती रयतही याच मातीतली, त्याच कोळ्या-कुणब्यांच्या वंशातली. १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलेला तो समाज आजही आपला शेजारी आहे.

येथे कथा संपवली असती तर ती गोड झाली असती. पण वाचकहो, इतिहासाला गोडाची आवड कमी.

त्याच शतकात सात समुद्रांपलीकडे दुसरी एक रयत कुरकुरत होती. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ माणसे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली निम्मी दगावली. ते परके होते, त्या भूमीचे मूळ धनी दुसरेच होते, हा मोठाच फरक. पण त्या अर्धमेल्या माणसांनी जहाजातून उतरण्यापूर्वीच एक करार लिहून काढला, की आपले नियम आपण करू. दीडशे वर्षे ते आपल्या सभा भरवीत आले. म्हणून १७६५ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटने त्यांच्यावर मुद्रांक-कर बसवला, तेव्हा ‘आम्हाला विचारले का?’ हा प्रश्न त्यांच्या जिभेवर तयारच होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. तो चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा!

आणि बरोबर एका वर्षाने, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, त्याच कंपनीच्या मुंबईकर फौजेने ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यावयास येत आहे, हे निमित्त. पुण्यात घरभेद माजलेला. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वसईनंतर अवघ्या ३५ वर्षांत धनी पुन्हा बदलला आणि याही वेळी सहासष्ट गावांना कोणी विचारले नाही.

एकाच कंपनीचा चहा तिकडे बुडाला आणि तिचेच निशाण इकडे चढले. असे का व्हावे? बॉस्टनची माणसे शूर आणि आमची भित्री, असे म्हणणारा अंताजी-गंगाजींचा अपमान करतो. अमेरिकनांनीही फ्रेंचांची मदत घेतलीच. पण मदत येण्यापूर्वी त्यांच्याजवळ स्वतःची सभा होती; पाहुणा परत गेल्यावर घर चालवायला घरची माणसे तयार होती. साष्टीजवळ फिर्याद होती, धाडस होते, चिकाटी होती, सभा नव्हती. जुलमी धनी घालवून तिने चांगला धनी आणला. पण चांगला धनी कायमचा नसतो. बाजीराव आणि चिमाजी दोघेही विजयानंतर दीड-पावणेदोन वर्षांत, १७४० सालीच, निवर्तले.

आज मालाडच्या माणसाला पाच वर्षांतून एकदा तरी विचारले जाते. त्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून तो लोणावळ्याला जातो, ही गोष्ट वेगळी! जाण्यापूर्वी त्याने बोरिवलीला उतरून मंडपेश्वराच्या पायरीवर घटकाभर बसावे. दोनशेहून अधिक वर्षे ज्यांना कोणी काही विचारले नाही, त्यांचे मौन तेथे अजून ऐकू येते.