कामगारांचे क्षेम आणि कारखान्याचा हिशेब

कामगारांच्या सुखसोयींवर होणारा खर्च धर्मादाय खाती मांडावयाचा की भांडवली, हा प्रश्न नागपुरात उभा राहिला तो ओस पडलेल्या यंत्रांमुळे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल तेथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ होता, यंत्रे आली होती; माणूस मात्र टिकेना. सुगी आली किंवा घरी कार्य निघाले, की मूळचा शेतकरी असलेला कामगार गिरणीकडे पाठ फिरवी. दंडाचा बडगा उगारणे सोपे होते. जमशेटजींनी बक्षिसे आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा मार्ग धरला. ती गिरणी आता बंद पडली आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर जमशेदपूरला उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यात हाच विचार अधिक कसोटीस लागला. झोतभट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. तेव्हा पाळ्या एक तर बारा तासांच्या दोन, नाही तर आठ तासांच्या तीन. दोन पाळ्यांत माणसे कमी लागतात, म्हणून तो सौदा वरवर स्वस्त दिसतो. परंतु अकराव्या तासाला रसरसत्या धातूपुढे उभ्या असलेल्या थकल्या माणसाची एक चूक केवढ्याला पडते, हे हजेरीपटावर दिसत नाही! अमेरिकेतील बलाढ्य पोलाद कंपन्यांनीही बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत सोडली नव्हती. जमशेदपूरने १९१२ सालीच आठ तास स्वीकारले. त्या वेळी आपल्याकडील कायदा कापडगिरणीतील पुरुषास बारा तास राबविण्यास मुभा देत होता. १९१५ साली मोफत औषधोपचार आले आणि १९२० साली भरपगारी रजा, अपघाताची भरपाई व भविष्यनिर्वाह निधी. भरपाईचा कायदा झाला १९२३ साली, निधीचा तर १९५२ साली.

एवढे असूनही १९२० आणि १९२८ साली जमशेदपुरात मोठे संप झाले. पहिल्याच्या मुळाशी युद्धोत्तर महागाई होती, दुसऱ्याच्या मुळाशी नोकरकपात. दुसऱ्यात कामगारांच्या बाजूने सुभाषचंद्र बोस उतरले. यास कामगारांची कृतघ्नता म्हणणे हा मालकी दृष्टीचा दोष होय. दवाखाना उत्तम असला तरी उद्या काम राहील की नाही, या धास्तीवर त्यापाशी औषध नसते. कारखान्याच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींना संयुक्त समित्यांतून स्थान देणारा करार टाटा वर्कर्स युनियनशी झाला तो १९५६ साली, म्हणजे आठ तासांच्या पाळीनंतर ४४ वर्षांनी.