ओनसेन-निवास आणि अवगाहस्वेद : प्रवासी रुग्णास काय सांगावे?

जपानच्या प्रवासास निघालेला रुग्ण अलीकडे वैद्याकडे एक नवाच प्रश्न घेऊन येतो. सहलीच्या कार्यक्रमात एक-दोन रात्रींचा मुक्काम 'र्‍योकान' या पारंपरिक निवासगृहात असतो, तेथे 'ओनसेन' म्हणजे भूगर्भातून येणाऱ्या उष्ण पाण्याचे स्नान असते, आणि ते आपणास मानवेल काय, अशी त्याची पृच्छा असते. 'जाऊन या, बरे वाटेल' एवढे उत्तर आमच्या मते अपुरे आहे. प्रवासी ज्यास केवळ स्नान समजतो तो वैद्यकदृष्ट्या अवगाहस्वेद होय. आणि तो पूर्वस्नेहनावाचून, परीक्षणावाचून, दिवसातून दोन-तीन वेळा घेतला जातो.

र्‍योकानमधील दिनक्रम ठरलेला असतो. दुपारी तीनच्या सुमारास प्रवेश, तातामी चटयांच्या खोलीत चहा व एखादा गोड पदार्थ, मग 'युकाता' हा सुती झगा परिधान करून स्नानगृहाकडे प्रयाण. (झग्याची डावी बाजू उजवीवर घ्यावयाची, उलट प्रकार तेथे प्रेतासाठी असतो.) स्त्री-पुरुषांची स्नानगृहे स्वतंत्र असतात आणि स्नान विवस्त्र करावयाचे असते. आपल्याकडील रुग्णांस संकोच वाटतो. त्यांनी कुटुंबापुरते राखून ठेवता येणारे स्नानगृह असलेला र्‍योकान निवडावा. कुंडात उतरण्यापूर्वी लहान बैठकीवर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे लागते. त्यानंतर कुंडाचेच पाणी पायांपासून वर थोडे थोडे अंगावर घेतात. यास 'काकेयु' म्हणतात, आणि शरीरास उष्णतेची ओळख करून देणे हा त्यातील हेतू आहे. आरंभीच्या चहा-मिठाईमागेही रिक्त कोष्ठाने उष्ण पाण्यात उतरू नये हा विचार सांगितला जातो. क्षुधित आणि तृषित यांस चरकाचार्यांनी स्वेदनास अयोग्य ठरविले आहे, हे येथे सहज आठवते.

कुंडाचे पाणी सामान्यतः ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. जपानमध्ये १९४८ च्या कायद्याने ओनसेनची व्याख्या केली आहे : उगमस्थानी पाणी किमान २५ अंश असावे, अथवा नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा ठरावीक प्रमाणात त्यात असावा. म्हणजे केवळ उष्ण असणे ही अट नव्हे. आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते याच कायद्यातील दुसरे बंधन. पाण्याचे घटक, ते कोणास वर्ज्य आणि स्नान करताना काय सांभाळावे, हे फलकावर लिहून स्नानस्थानी लावावेच लागते. उष्णोदकाची कुंडे आपल्या कोकणातही आहेत. असा दंडक मात्र आपल्याकडे नाही.

हा फलक आणि चरकसंहितेतील स्वेदाध्याय शेजारी ठेवून वाचावेत. ज्वर असलेली तीव्रावस्था, रक्तस्राव, क्षीण करणारा पांडु, शोथयुक्त वृक्कविकार आणि थोड्या हालचालीने श्वास लागेल असा हृद्रोग हे सर्व फलकावर वर्ज्य आहेत. जेवणाच्या लगेच आधी अथवा नंतर, तसेच मद्यपानानंतर कुंडात उतरू नये, असेही त्यावर असते. यांतील बहुतेकांशी आपले काहीच वैमत्य नाही. दोन ठिकाणी मात्र मतभेद आहे, आणि वैद्याची खरी कसोटी तेथेच लागते.

पहिला मतभेद गर्भिणीविषयी. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४ साली सूचनांची फेररचना केली, तेव्हा गर्भावस्था वर्ज्यांच्या यादीतून वगळली. चरकांनी गर्भिणीस स्वेदन निषिद्ध मानले आहे. आमचे मत असे की, परक्या देशात, ओल्या निसरड्या फरशीवर, अपरिचित उष्णता घेण्याची गर्भिणीस काहीच निकड नसते. तिने फार तर पाय बुडवून बसावे.

दुसरा मतभेद अधिक सूक्ष्म आहे. जपानी यादीत साखरेचे पचन बिघडलेला रुग्ण हितकर वर्गात येतो. चरकांनी मधुमेही अस्वेद्य म्हटला आहे. वरवर हा उघड विरोध दिसतो, परंतु दोघांच्या डोळ्यांपुढील रुग्ण एक नाही. संहितेतील मधुमेही हा वातज, ओजःक्षयापर्यंत पोचलेला रुग्ण होय. जपानी यादीत प्रारंभीची, सौम्य अवस्था अभिप्रेत आहे. म्हणून 'मधुमेह आहे काय' एवढे विचारून थांबू नये. पायांची संवेदना तपासावी. ज्याचे तळपाय बधिर आहेत त्यास पाणी किती उष्ण आहे हे कळत नाही, आणि लहानसा भाजल्याचा व्रणही पुढे महिनोन्‌महिने भरत नाही. अशा रुग्णास आम्ही स्पष्ट नकार देतो. इन्शुलिन घेणाऱ्याने टोचून लगेच कुंडात जाऊ नये. उष्णतेने त्वचेखालील औषध शीघ्र शोषले जाते आणि साखर एकाएकी उतरते.

रक्तदाबाचा अथवा हृदयाचा विकार असलेले, पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले आणि वृद्ध यांनी ४२ अंश व त्याहून उष्ण पाणी टाळावे, असे जपानी सूचनाच सांगतात. त्यांनी आरंभी तीन-चार मिनिटेच बसावे, पाण्याबाहेर सावकाश यावे, आधी व नंतर पेलाभर पाणी प्यावे, आणि एकट्याने जाऊ नये. रात्रीच्या भोजनाबरोबर येणाऱ्या साके मद्यानंतर पुन्हा कुंडात जाण्याचा मोह अनेकांस होतो. तो कोणासही घातकच.

शिराविषयी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. उष्णोदकाचा परिषेक अधःकायास बलदायक, परंतु तोच शिरावर घेतल्यास केश व नेत्रांचे बल हरण करतो, असा वाग्भटांचा अभिप्राय आहे. जपानी स्नानार्थी थंड पाण्यात भिजविलेला लहान पंचा घडी करून डोक्यावर ठेवतो. गुन्मा प्रांतातील कुसात्सु येथील 'जिकानयु' या जुन्या विधीत मात्र अवगाहापूर्वी तीसेक ओगराळी उष्ण पाणी डोक्यावर ओतून घेत. पुढे भोवळ येऊ नये, हा त्यामागील हेतू. या एका बाबतीत आम्ही वाग्भटांसच प्रमाण मानू.

कुसात्सुचा विधी इतर बाबतींत मात्र अभ्यासनीय आहे. तेथील पाण्याचा सामू सुमारे २.१, म्हणजे पाणी अत्यंत आम्ल. ते फार तप्त असल्याने लांब फळ्यांनी घुसळून निववीत, कारण थंड पाणी मिसळल्यास ते पातळ होते. मग प्रमुखाच्या आज्ञेने सर्वांनी एकदम उतरावयाचे आणि तीन मिनिटांनी एकदम बाहेर यावयाचे. १८७६ साली जपानमध्ये आलेले जर्मन वैद्यकतज्ज्ञ एर्विन बेल्झ यांनी या स्थानाची प्रशंसा केली होती. त्यापूर्वी गोतो कोन्झान (१६५९–१७३३) या जपानी वैद्याने सर्व रोगांचे मूळ शरीरस्थ 'की'च्या अवरोधात मानून उष्णोदकस्नानाचा पुरस्कार केला होता. स्रोतोरोधाची कल्पना परिचित असलेल्या आपल्या वाचकांस हे सांगणे नलगे.

'तोजी' या जुन्या उपचारपद्धतीत सात दिवसांचे एक आवर्तन मानीत आणि अशी तीन आवर्तने करीत. पहिले काही दिवस रोज एकदाच स्नान, पुढे दोन-तीनदा. साधारण तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत ग्लानी, अनिद्रा अथवा अग्निमांद्य दिसल्यास त्यास 'युआतारी' म्हणत आणि स्नान कमी करीत वा थांबवीत. आजच्या एका रात्रीच्या मुक्कामात हा क्रमच उरलेला नाही. एकवीस दिवसांत विभागलेली मात्रा प्रवासी सायंकाळ, रात्र आणि पहाट अशा तीन स्नानांत उरकू पाहतो. आमचा सल्ला असा की, एका मुक्कामात दोन स्नाने पुरेत. आणि आम्ल वा गंधकयुक्त पाण्यात रूक्ष त्वचेच्या अथवा वृद्ध व्यक्तीने एकच, त्यानंतर साध्या पाण्याने अंग धुऊन तैलाभ्यंग करावा.

आहाराविषयी थोडक्यात. भोजन अनेक पदार्थांचे, परंतु जवळपास प्रत्येक रश्श्याचा आधार 'दाशी' असतो आणि तो बहुधा सुक्या माशाचा. शाकाहारी रुग्णाने आरक्षण करतानाच स्पष्ट कळवावे. ऐन वेळी स्वयंपाकघरास काही करता येत नाही.

औषधी-विक्रेत्यांकडे 'युनोहाना' या स्नानचूर्णाची चौकशी होते. कुसात्सु येथे ते लाकडी पन्हाळींत साचणाऱ्या गंधकापासून मिळते. बेप्पूजवळील म्योबान येथे गवताने शाकारलेल्या झोपड्यांत चिकणमातीतून येणाऱ्या वाफेपासून स्फटिक जमवितात. दोन्ही द्रव्ये भिन्न आहेत, हे ग्राहकास सांगावे. गंधकाने चांदीचे व तांब्याचे अलंकार काळे पडतात, तेही सांगावे. पुडी विरघळविल्याने घरच्या बादलीत कुसात्सुचे पाणी होत नाही. याहून आम्हांस लक्षवेधी वाटते ते ५ मे रोजीचे 'शोबुयु' स्नान. त्या दिवशी कुंडात ज्या वनस्पतीची पाने टाकतात ती आपले वेखंडच होय. आपण वचेचा कंद घेतो. तिच्या पानांचा स्नानार्थ उपयोग औषधिनिर्मात्यांनी तपासून पाहण्यासारखा आहे.