पाणी कुठं अडलंय?

रविवार सकाळ, अकरा वाजलेत. बाहेर पुण्याचा तो टिपिकल पाऊस, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. आत आमच्या कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी रूममेट जमिनीवर फतकल मारून बसलोय. समोर काचेचं गोल दार. दाराआड आमचे आठवड्याचे कपडे राखाडी पाण्यात तरंगताहेत, गुरुवार रात्रीपासून! दार उघडत नाही, पाणी जात नाही, स्क्रीनवर दोन इंग्रजी अक्षरं उघडझाप करताहेत. आत रूममेटचे ऑफिसचे तीन शर्ट आहेत, ज्यातला एक सोमवारच्या प्रेझेंटेशनसाठी ‘लकी’ आहे. आत माझी एकुलती एक बरी जीन्सही आहे.

आदल्या दिवशी मेकॅनिक येऊन गेला होता. साडेचारशे रुपये व्हिजिट चार्ज. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं आणि निदान सांगितलं, ‘बोर्ड गेलंय मॅडम. साडेसहा हजार. त्यापेक्षा नवीन घ्या ना, एक्स्चेंज ऑफर चालू आहे.’ सात मिनिटांत विषय संपला. स्क्रू-ड्रायव्हर बॅगेतून बाहेरसुद्धा आला नाही.

आता साडेसहा हजार म्हणजे काय, तर माझ्या वाट्याच्या घरभाड्याच्या निम्म्याहून जास्त. गेल्या वर्षी मी चांगली पीआरमधली नोकरी सोडून फ्रीलान्सर झाले. तेव्हा आईला ठणकावून सांगितलं होतं, ‘माझं मी बघेन.’ सध्या दोन लेखांचं मानधन अडकलंय. (संपादक महोदय, हा टोमणा तुम्हाला नाही. तुम्ही वेळेवर देता.) आणि हे मशीन आईचंच. सांगलीत असताना भिशीच्या पैशांतून घेतलेलं, आठ वर्षांपूर्वी. बाबा गेल्यावर तिनं ते माझ्याकडं पाठवलं, ‘एका माणसाचे कपडे ते कितीसे!’ म्हणून. ते भंगारात काढतेय हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

पण फोन तर केलाच. मी बोर्ड, सेन्सर, एरर कोड असं बरंच काही ऐकवलं. आई शांतपणे म्हणाली, ‘मोरी तुंबली की तू आधी काय बघतेस?’

‘जाळी.’

‘मग याची जाळी कुठाय?’

परात आणा, परात!

फ्रंट लोडिंग मशीनच्या समोरच्या बाजूला, अगदी खाली कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. आठ वर्षांत आमच्या घरात कुणीही ते उघडलेलं नव्हतं. त्याच्यामागं एक गोल फिरकीचं बूच असतं, तो ड्रेन पंपाचा फिल्टर. कपड्यांतून सुटलेली बटणं, नाणी, पिना पंपाच्या पंख्यापर्यंत पोचू नयेत म्हणून ही जाळी. शेजारी बहुतेक मशीन्सना बोटभर जाडीची एक रबरी नळीही असते, टोकाला बूच लावलेली. मशीन अडलं की आतलं पाणी आधी या नळीनं काढायचं, मग फिल्टर उघडायचा.

मी काय केलं? सरळ फिल्टर फिरवला.

ड्रममध्ये पाणी किती होतं माहीत नाही, पण स्वयंपाकघर ओलांडून ते पॅसेजमध्ये गेलं, तिथून बाल्कनीत आणि बाल्कनीतून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीवर. तीन दिवस मुरलेलं साबणाचं पाणी! काकू वर आल्या, दारातून आतला महापूर पाहिला आणि काही न बोलता खाली जाऊन दोन गोणपाटं घेऊन आल्या. पुणेकरांच्या खडूसपणावर विनोद करणाऱ्यांनी हे कृपया नोंदवून ठेवावं.

तर वाचकहो, आधी नळी. तिच्याखाली पसरट परात ठेवा, कारण ही नळी जमिनीला इतकी टेकून असते की बादली बसतच नाही. परात भरली की बूच लावायचं, ओतून यायचं, पुन्हा बूच काढायचं. दहा-पंधरा फेऱ्या होतात, कंबर मोडते. आणि हे सगळं करण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. भाड्याच्या जुन्या घरांत वायरिंग कुणी, कधी आणि कसं केलंय देव जाणे, कित्येकदा बटण न्यूट्रलवरच बसवलेलं असतं आणि बंद करूनही आत करंट राहतो. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील, तर रिपेरिंग राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग बघून घ्या. पाणी गरम करून धुताना मशीन अडलं असेल तर ते निवेपर्यंत थांबा, नाहीतर हात भाजेल.

फिल्टरमधून काय निघालं? दोन रुपयांचं नाणं, तीन केसांच्या पिना, एक सेफ्टी पिन, शर्टाचं बटण, कुठल्या तरी बिलाचा लगदा आणि करड्या धाग्यांचा मेलेल्या उंदरासारखा दिसणारा एक बोळा. रूममेट किंचाळली. मी मात्र हरखून गेले. पाणी गेलं होतं, दाराचं लॉक टक् करून सुटलं होतं आणि बोर्ड बिर्ड काही गेलेलं नव्हतं! या मशीनला पाण्याची पातळी कळते ती एका बारीक नळीतल्या हवेच्या दाबावरून. पाणी चढलं की दाब वाढतो आणि तिथला स्विच तसा निरोप देतो. ठरावीक वेळात पाणी उतरलं नाही की मशीन गुपचूप थांबतं, दार बंद ठेवतं आणि स्क्रीनवर कोड दाखवतं. म्हणजे बिचारं बोर्ड ‘पाणी जात नाहीये’ एवढंच सांगत होतं. आमच्या मेकॅनिकनं निरोप आणणाऱ्यालाच आजारी ठरवलं.

तपकीर गल्लीतला धडा

इथं गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. फिल्टर धुऊन बसवला, मशीन लावलं. पंप घूंऽऽ करून गुरगुरला, पण पाणी काही हलेना.

बॅटरी मारून फिल्टरच्या भोकात पाहिलं, तर आत पंपाचा छोटा पंखा. प्लग काढून पेन्सिलीनं तो फिरवला. तो नीट फिरेना, अडखळत, झटके देत सरके. ‘जाम झालाय,’ मी जाहीर केलं. मग पंपच काढायचा ठरला. त्यासाठी मशीन मागं कलवावं लागतं आणि हे काम एकट्यानं करायचं नाही. ड्रम हादरू नये म्हणून या मशीनमध्ये चक्क काँक्रीटची वजनं बसवलेली असतात, साठ-सत्तर किलोचा ऐवज असतो तो. आम्ही दोघी, काकूंचा मुलगा आणि टेकू म्हणून जुन्या पुस्तकांचा गठ्ठा. (मास कम्युनिकेशनची पाठ्यपुस्तकं अखेर कामी आली.) बहुतेक मशीन्सची खालची बाजू उघडीच असते. दोन वायरी, दोन रबरी पाइप, तीन स्क्रू. सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले. हा एक शहाणपणा आपसूक सुचला.

सोमवारी पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुधवार पेठेत. तपकीर गल्ली म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिकवाल्यांची पंढरी. वायर, बल्ब, मोटारी, मिक्सरची भांडी... कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा कोपराला लागल्याशिवाय तिथं पाऊल टाकता येत नाही. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी पंप हातात घेतला आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘जुना पार्ट सोबत आणलात, हे बरं केलंत. लोक नुसतं कंपनीचं नाव सांगतात आणि आम्ही कपाळ बडवतो.’

मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं, ‘जाम झालाय हो, झटके देत फिरतोय.’

काकांनी मागच्या खोक्यातून कोरा करकरीत पंप काढून माझ्या हातात दिला. ‘फिरवा.’ तोही झटके देत फिरला! आत लोहचुंबक असतं, म्हणून तो खाच-खाच अडल्यासारखा फिरतो. तसं फिरणं हीच चांगल्या पंपाची खूण. मग त्यांनी मीटर लावला. वायरींच्या दोन टोकांमध्ये दीडशे ओहमच्या वर आकडा आला. ‘कॉइल शाबूत आहे. कॉइल गेली असती तर आकडाच आला नसता. आता हे बघा.’ पंख्याची दोन पाती निम्मी झिजली होती आणि पंखा दांड्यावर डुगडुगत होता. एखादी पिन जाळीतून निसटून महिनोन् महिने आत घासत राहिली असणार. मोटार फिरत होती, पण पाणी ढकलायला पातं नव्हतं. नुसता पंखा सुटा मिळत नाही, अख्खा पंपच घ्यावा लागतो. सहाशे ऐंशी रुपये. घासाघीस केली नाही. पाच मिनिटांत फुकट इतकं शिकवणाऱ्या माणसाशी कसली घासाघीस!

सोमवारी रात्री पंप बसला. पहिल्या धुण्याला फिल्टरपाशी थेंब थेंब पाणी आलं, कारण बूच तिरकं बसवलं होतं. काढून, आट्यांतला साबण पुसून, सरळ बसवलं. दुसऱ्या खेपेला कोरडं. पाणी मोरीत धो धो पडताना ऐकलं तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या. लकी शर्टाचं प्रेझेंटेशन मात्र हुकलं होतं. ते तिनं अनलकी शर्टात उरकलं आणि चांगलं झालं म्हणे.

तुमच्या मशीनचं काय?

त्यानंतर मी जरा जास्तच ‘एक्स्पर्ट’ झालेय, हे मित्रमंडळी सांगतील. पण खरं सांगते, घरच्या घरी होण्यासारखी कामं थोडीच आहेत आणि त्यातली बरीचशी साफसफाईच आहे. मशीनमध्ये पाणी हळू भरतंय? नळ बंद करून मागचा पाइप सोडा. तोंडाशी छोटी जाळी असते, टँकरच्या पाण्यातली माती तिथं साठते, जुन्या टूथब्रशनं निघते. कपड्यांना कुबट वास? दाराच्या रबराची घडी उलटून बघा आणि मनाची तयारी ठेवून बघा. आमच्याकडं तिथं हरवलेला मोजा निघाला. धुऊन झालं की ते रबर पुसायचं आणि दार किलकिलं ठेवायचं, बस्स. बोअरवेलचं जड पाणी असेल तर हीटरवर क्षाराचा थर बसतो. त्यासाठी कपडे न घालता, म्हणजे मशीनमध्ये कपडे न घालता, शंभरेक ग्रॅम लिंबूसत्व टाकून गरम पाण्यावर एक फेरी. आणि पावडर कमी घाला हो! फ्रंट लोडला कमी फेसाची लागते. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा जाहिरातींनी आपल्या आयांच्या डोक्यात घातलेला भ्रम आहे.

घर बदलताना कितीजणांना ट्रान्सपोर्ट बोल्ट आठवतात? नवीन मशीनच्या मागं तीन-चार लांब बोल्ट असतात, प्रवासात ड्रम हलू नये म्हणून. बसवताना ते काढायचे, टेम्पोत चढवताना पुन्हा लावायचे. काढायचे राहिले तर मशीन स्पिनला अख्खं बाथरूम फिरून येतं. आमच्याकडचे बोल्ट आईनं एका डबीत जपून ठेवलेत, वर चिठ्ठी लावून.

आता न करायची कामं. आठवडाभरानं काकूंनी विचारलं, ‘माझंही बघतेस का गं?’ त्यांचं सेमी-ऑटोमॅटिक. स्पिनर नुसता गुणगुणायचा, हातानं ढकलला की फिरायचा. म्हणजे बहुधा कपॅसिटर. मी हात लावला नाही, आणि त्यांनाही ढकलू नका म्हणून दम दिला. फिरत्या स्पिनरमध्ये हात घालणं म्हणजे बोटांवर पाणी सोडणं. शिवाय कपॅसिटर प्लग काढल्यावरही करंट साठवून ठेवू शकतो. ते काम गल्लीतल्या इलेक्ट्रिशियननं अर्ध्या तासात केलं. तसंच बेअरिंगचं. स्पिनला मशीन चढावर निघालेल्या एसटीसारखं घरघरायला लागलं की समजायचं, ड्रम बाहेर काढावा लागणार. त्या वाटेला जाऊ नका. हल्ली कित्येक मशीन्सचा टब कायमचा चिकटवलेला असतो, त्यामुळे एवढ्याशा बेअरिंगपायी अख्खा टब बदला म्हणतात. आणि वॉरंटी बाकी असेल तर एकही स्क्रू सोडू नका.

हे चिकटवण्याचं प्रकरण मला खरंच खटकतं. युरोपात २०२१ पासून नियम आहे, वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग निदान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत. आपल्याकडं २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. ठीक आहे. पण आमचा पंप मिळाला तो तिसऱ्या दुकानातल्या काकांच्या मागच्या खोक्यात.

आईला मी सगळं झाल्यावर फोन केला. सहाशे ऐंशीचा आकडा सांगितला. साडेसहा हजारांचाही सांगितला. अडकलेल्या मानधनाबद्दलही सांगून टाकलं, कसं काय कोण जाणे. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ते दोन रुपयांचं नाणं माझंच असणार. तुझ्या बाबांच्या खिशात मी कधी हात घातला नाही.’

नाणं फ्रिजवरच्या वाटीत ठेवलंय. हे लिहितेय तेव्हा शेजारी मशीन चालू आहे, चाळीस मिनिटांची फेरी, सव्वीस बाकी. आत माझी जीन्स आहे. खिसे तपासायचे राहिले.