चौक कोणीं काढला?

पालघर अथवा बोईसरच्या बाजारपेठेंतून एक फेरी मारावी. साड्या, पिशव्या, पेले, पाट्या, जिकडे तिकडे वारली चित्रें दिसतात. विकणारास दर विचारला तर तो तत्काळ सांगतो. काढणारी कोण, असें विचारलें तर मात्र बहुधा निरुत्तर होतो. हा दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे, आम्हां सर्वांचा आहे.

ही कला मूळची कोणाची? वारल्यांच्या लग्नघरांत शेणानें सारवून गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर, तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून, बांबूच्या काडीनें लग्नचौक काढतात. मध्यें पालघट देवी असते. हा चौक सवाशिणींनींच काढावयाचा आणि त्यावांचून लग्न लागावयाचें नाहीं, अशी चाल. ज्या समाजास आपण अडाणी म्हणत आलों, त्यानें चित्रकर्माचा मान पिढ्यानपिढ्या स्त्रियांच्या हातीं ठेविला होता. या चालींतील उणेंही आम्ही झांकीत नाहीं : नवरा गेला कीं त्याच कुशल हाताचा चौकावरील अधिकार जाई.

१९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी या पाड्यांत आले आणि भिंतीवरील चित्र कागदावर उतरलें. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचें नांव जगभर गेलें. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती व तो मान यथायोग्यच होय. परंतु ज्यांच्या चौकांवरून ही परंपरा चालत आली, त्या आयाबायांपैकीं किती जणींचीं नांवें आमच्या वाचकांस सांगतां येतील?

१९७१ सालीं लिंडा नॉक्लिन या अमेरिकन विदुषीनें दाखवून दिलें कीं, युरोपांत थोर स्त्रीचित्रकार न निपजण्याचें कारण बुद्धीची उणीव नसून शिक्षणाचीं बंद द्वारें हें होतें. आमचेकडे प्रकार निराळा. येथें कला स्त्रियांच्या घरचीच होती. पण भिंतीवर सही नसे, आणि भिंत पुन्हां सारवली कीं चित्रही जाई. कागद, प्रदर्शन व पैसा आल्यावर जो घराबाहेर पडूं शकला, त्याचीच सही टिकली.

आज वारली स्त्रिया कागदावर व कापडावर काम करूं लागल्या आहेत. व्यापारी बंधूंस आम्ही अवघड असें कांहीं सांगत नाहीं. चित्र घेतांना जिनें तें काढलें तिचें नांव व पाडा मागील बाजूस लिहून घ्यावा आणि मोल तिच्याच हातीं द्यावें. भौगोलिक मानांकनानें कलेचें नांव राखलें. कलावतीचें नांव राखणें आपल्या हातीं आहे. तेवढें आपण करूं नये काय?