कानाच्या मापाचे रबर

कानात बसवून ऐकण्याच्या इअरफोनचा जो भाग प्रत्यक्ष कातडीला टेकतो, तो सबंध साधनातला सर्वांत स्वस्त भाग असतो. आणि कान दुखतो, इअरफोन चालता चालता गळून पडतो किंवा गाणे पोकळ वाटते, तेव्हा दोष बहुतेक वेळा त्याच भागाचा असतो. त्याचे नाव इअरटिप. गिऱ्हाईक मात्र दुकानात 'इअरफोनचे रबर' मागते, जरी आजचे बहुतेक रबर प्रत्यक्षात सिलिकोनचे असते. नव्या इअरफोनच्या खोक्यात साधारणपणे लहान, मध्यम व मोठे असे तीन जोड मिळतात, त्यांतला मध्यम जोड आधीच चढवलेला असतो, आणि उरलेल्या दोन जोडांची पुडी पुष्कळदा खोक्याबरोबर फेकली जाते. इअरफोन नकोसा होण्याचे कारण पुष्कळदा त्या फेकलेल्या पुडीतच असते.

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंत जाणारी वाट, जिला बाह्यकर्णनलिका म्हणतात, ती प्रौढ माणसात सुमारे २.५ सेंटीमीटर लांब व साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. ती सरळ नसून किंचित नागमोडी असते आणि तिचा छेद गोल नसून लंबगोल असतो. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा असतो, तर आतला भाग कठीण हाडाचा असून त्यावरची कातडी इतकी पातळ असते की थोडासा दाबही तिला सोसत नाही. रबराने बाहेरच्या लवचीक भागातच टेकून राहावे हे यावरून ठरते. बोलताना वा घास चावताना जबडा हलतो तशी ही नलिकाही थोडी आकार बदलते, म्हणून दुकानात घट्ट बसलेले रबर भाकरी खाताना सैल पडते यात नवल नाही.

रबराचे खरे काम इअरफोन धरून ठेवण्यापेक्षा कानातली हवा बंदिस्त ठेवणे हे आहे. इअरफोनमधला चिमुकला पडदा पुढची हवा ढकलून आवाज निर्माण करतो, आणि रबर व कातडी यांच्यामध्ये फट राहिली तर खर्जाचे, म्हणजे कमी कंपनसंख्येचे स्वर त्या फटीतून निसटतात, तर तार स्वर जवळजवळ तसेच राहतात. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावच्या परिसरात हा फरक समजावून सांगण्यासाठी यंत्राची गरज नाही, कारण ढोलकीच्या शाईच्या बाजूची टणक थाप आणि डाव्या हाताखालच्या धुमाचा घुमारा यांतला भेद इथल्या कानांना ओळखीचा आहे. ढोलकीच्या ठेक्यावरची एखादी लावणी लावावी व ती चालू असताना इअरफोन बोटाने अगदी हलके आत दाबावा. दाबताच धुम एकदम भरून आला, तर आधीचे रबर फट सोडत होते असे समजावे. मात्र लगेच मोठे माप घेण्यापूर्वी बसवण्याची रीत सुधारून पाहावी: दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढली की नलिका थोडी सरळ होते, आणि तेच रबर नीट बसते. रबर नीट बसल्यावर स्वतःचे बोलणे डोक्यात घुमल्यासारखे वाटते, तो बिघाड नसून कान बंद झाल्याची खूण आहे.

फटीचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पुणे–नाशिक रस्त्यावरच्या एसटीत बसलेला विद्यार्थी सैल रबरातून येणारी बसची घरघर बुडवण्यासाठी आवाज वाढवत नेतो, आणि ती वाढ त्याच्या लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते, परंतु ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. क्षीण संदेश ऐकायचा असेल तर गोंगाट कमी असावा लागतो, हे तत्त्व जुन्नर तालुक्यातच खोडदला मोठ्या प्रमाणावर वापरलेले दिसते. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांसाठी ही जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक कारण होते. नीट बसलेले रबर कानासाठी तेच करते.

माप निवडताना दोन्ही कान सारखेच असतील हे गृहीत धरू नये. उजव्याला मध्यम व डाव्याला मोठे रबर लागणे अगदी स्वाभाविक आहे. रबराचे आतले भोकही इअरफोनच्या नळीशी जुळले पाहिजे, कारण ते सैल असले तर इअरफोन बाहेर येतो आणि रबर कानात अडकून डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येते. म्हणून बदली रबर घेताना इअरफोन सोबत न्यावा; बिनतारी असेल तर डबीही न्यावी, कारण लांब रबर चढवल्यावर झाकण लागत नाही आणि इअरफोन चार्ज होत नाही.

सिलिकोनचे रबर धुता येते आणि टिकते. फोमचे रबर, ज्याला मेमरी फोम म्हणतात, बोटांनी दाबून कानात घातल्यावर हळूहळू फुगून कानाचा आकार घेते, त्यामुळे दुखऱ्या कानाला ते बहुधा अधिक सुखाचे वाटते. पण ते घाम व ओल शोषते, काही महिन्यांत निबर होते आणि तार स्वर किंचित मंद करते. आहुपे किंवा घाटघरसारख्या घाटमाथ्यावरच्या गावांत पावसाळ्याचे महिने काहीच धड वाळत नसताना फोमपेक्षा सिलिकोन बरे, कारण सतत बंद व ओलसर राहिलेल्या कानात बुरशी धरते. रबर कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवून चढवावे, ते दुसऱ्याला वापरायला देऊ नये, आणि कानाला खाज किंवा स्राव असेल तर कान बरा होईपर्यंत इअरफोनच वापरू नये.

चांगले रबर बाहेरचा आवाज अडवते, आणि जुन्नर व आंबेगावात हाच गुण रात्री घातक ठरू शकतो. ऊस हे या भागात बिबट्याचे लपण्याचे व पिले वाढवण्याचे ठिकाण झाले आहे, तर शेतकऱ्याला विजेच्या पाळीप्रमाणे अपरात्री पाणी द्यायला त्याच उसात जावे लागते. अशा वेळी सळसळ, कुत्र्याचे भुंकणे किंवा शेजाऱ्याची हाक ऐकू न येणे परवडणारे नाही. हातात बॅटरी व काठी ठेवावी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावावीत, असे वनविभाग सांगत आला आहे. तेव्हा रात्रीच्या पाळीला निघताना इअरफोन कितीही सुखाचा बसत असला तरी तो घरीच ठेवावा, आणि गाणे फोनच्या स्पीकरवर, बांधापलीकडेही ऐकू जाईल असे लावावे.