लाखोळीची डाळ : खावी की टाळावी?

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या धानाच्या पट्ट्यात लाखोळीची ओळख करून द्यावी लागत नाही. धान उभे असतानाच बांधीच्या ओलीत बी फेकायचे. नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. या उतेरा पद्धतीने गरिबाच्या शेतातही दुसरे पीक येते. हिवाळ्यात कोवळ्या पानांची भाजी, मग डाळ. शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरी गावाकडून लाखोळी येते. आणि ती खाल्ली की पाय जातात, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा खावी की नाही? तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासून पाहायला सांगितले आहे. तशी ही तपासून पाहू.

लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा या शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून दाखवले. हे द्रव्य पायांच्या हालचाली चालवणाऱ्या मज्जातंतूंवर घाव घालते. आधी पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड होतात, गुडघे ताठरतात. मग माणूस चवड्यांवर, पायात पाय अडकवत चालतो. पुढे एक काठी, दोन काठ्या, शेवटी जमिनीवर सरपटणे. बुद्धी शाबूत राहते, पण गेलेले पाय परत येत नाहीत. याला लॅथिरिझम म्हणतात. ही करणी नाही, बाहेरची बाधा नाही, मागच्या जन्माचे पापही नाही.

पण आठवड्यातून एकदा वरण खाणाऱ्याला हा रोग होत नाही. दोन-तीन महिने किंवा अधिक काळ पोट मुख्यतः लाखोळीवरच भरावे लागले, तर तो गाठतो. असे कोणाला करावे लागते? मध्य प्रदेशात रीवा भागातल्या वेठबिगारांना मजुरीच लाखोळीच्या रूपात मिळे. तिथे धडधाकट तरुण पांगळे झाले. १९४२-४३ मध्ये युरोपातल्या वाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच दाणे खायला घातले आणि शेकडो जण आजारी पडले. तिथले कैदी डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. दाण्यात विष होते हे खरे, पण त्या माणसांच्या ताटात दुसरे काही ठेवलेच नव्हते, हे विसरून चालणार नाही.

आता लाखोळीच्या कुळाकडे वळू. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या जगात सुमारे १९,५०० जाती आहेत. आपल्या जंगलातला पळस, बाभूळ, बहावा, आपटा, चिंच हे सगळे त्यातलेच. पूर्वी फुलाच्या ठेवणीवरून त्यांचे तीन गट पाडत आणि बहावा, आपटा, चिंच एकाच गटात येत. २०१७ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी जनुके ताडून सहा गट केले, तेव्हा हे तिघे तीन वेगळ्या घरांत गेले. दिसण्यावरून केलेली वाटणी अशी फसते.

डाळीतही तेच. भरडलेली लाखोळी तुरीसारखी दिसते, म्हणून तर तुरीत तिची भेसळ होते. पण तुरीचे जवळचे नातलग मूग, उडीद, बरबटी आहेत. लाखोळी ही वाटाणा आणि मसूर यांची बहीण. तिघांच्याही पेशीत १४ गुणसूत्रे असतात. वाटाणा बिनधोक, मसूर बिनधोक, लाखोळीत मात्र ओडॅप. म्हणजे कुळावरून गुणदोष ठरत नाहीत. (माणसांच्या बाबतीत हे बाबासाहेबांनी कधीच सांगून ठेवले आहे.) त्या त्या बीमध्ये कोणते जनुक किती काम करते, हे पाहावे लागते. इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली लाखोळीचा जनुकसंच मांडला आणि ओडॅप तयार करणारी प्रथिने कशी जोडीने काम करतात ते दाखवले. हा जनुकसंच माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे दुप्पट मोठा आहे!

त्याआधीच आपल्या देशात कमी विषाचे वाण निघाले होते. दिल्लीच्या पुसा संस्थेत ऊतिसंवर्धनातून 'रतन' तयार झाला. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवडा' दिले. त्यांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत असतो. गावठी बियाण्यात त्याच्या कितीतरी पट असू शकतो. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाऊस कमी पडला की त्याच वाणात ओडॅप वाढतो. आणि मधमाश्यांमुळे शेजारच्या गावठी लाखोळीशी संकर होतो, म्हणून घरचे बी वर्षानुवर्षे तेवढेच निर्धोक राहत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९६१ साली विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी तिच्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या नियमांत मात्र विक्रीची मनाई राहिली. माझ्या मते नुसती बंदी घालून गरिबाच्या ताटात दुसरी डाळ येत नाही, आणि बंदी उठली म्हणून डाळ निर्धोकही होत नाही.

घरी काय करावे? ओडॅप पाण्यात विरघळतो, हा आपल्या हातातला उपाय. डाळ कडक पाण्यात काही तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, पुन्हा धुवा. शिजवतानाचे पहिले पाणीही ओतून टाका. त्या पाण्याचे सार करू नका, जनावरालाही पाजू नका. बरेचसे विष असे निघते, सगळे नाही. म्हणून लाखोळी रोज नको. तूर-मुगासोबत आलटून पालटून, भात-पोळी, भाजी आणि जमल्यास अंड्याबरोबर खा. भाजीच्या पानांतही ओडॅप असतो, तीही रोज नको.

बाजारातली तूर घेताना मूठभर डाळ ताटात पसरून पाहा. तुरीची फाक गोल असते. लाखोळीची चौकोनी, एका बाजूने पाचरीसारखी तिरपी. बेसनातली भेसळ डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा चणाडाळ आणून चक्कीवर दळून घेतलेली बरी. आणि लाखोळी नेहमी खाणाऱ्या घरात कोणाच्या पोटऱ्या ताठू लागल्या, चाल बिघडली, तर त्याच दिवशी ती डाळ बंद करा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन आहारात लाखोळी होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.